अक्काच्या वहीतला मंगळवार

शालनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, आमच्या स्वयंपाकघरात, दळणाचा डबा पालथा करत होते. "हार्ट अटॅक" एवढंच ऐकू आलं, पुढचं काही डोक्यात शिरेचना. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. पलूसजवळच्या आमच्या गावचं घर, शेत, म्हशी, सगळं तिच्या जिवावर चालायचं. आम्ही दोघी भांडलोही भरपूर आणि एकमेकींवाचून आमचं पानही हललं नाही. आता मी भांडायचं तरी कुणाशी, सांगा!

अक्काबद्दल लिहायचं तर तिच्या वह्यांबद्दलच लिहायला हवं. तिचा एकुलता एक अमर सैन्यात, पार सीमेवर. त्याच्या माघारी घरात काय काय घडतं ते त्याला कळावं म्हणून तिनं एक खूळ काढलं होतं. आपल्याकडे सराफ, सोसायटी, दुकानदार, सगळेच कॅलेंडरं देतात. त्यातलं मोठ्या चौकोनांचं एक ती वहीसाठी राखून ठेवायची. पानं कापून, चित्रकलेच्या जाड वहीत मैद्याच्या खळीनं चिकटवायची आणि रोज संध्याकाळी तारखेच्या चौकोनात त्या दिवसाचं काहीतरी डकवायची. म्हैस व्याली की रेडकाचे चार केस. ऊस तुटून गेला की पाचटाची चिरफळी. नागपंचमीला माहेरी, शिराळ्याला जाऊन आली की तिथल्या फुलाची पाकळी. आणि माझ्याशी वाजलं त्या दिवशी लाल मिरचीचं साल! "अक्का, पोरासमोर माझी अब्रू काढता व्हय?" म्हटलं तर म्हणायची, "मग नीट वागावं मान्सानं." व्हिडिओ कॉल असताना हा उपद्व्याप कशाला, असंही मी एकदा विचारलं होतं. "फोनवर त्यो माजं त्वांड बघतो गं," ती म्हणाली, "घर कुटं बघतो?" अमर रजेवर आला की हातपाय धुऊन आधी वही घेऊन बसायचा आणि ती समोर बसून त्याचा चेहरा बघत राहायची.

या वेळची वही मात्र त्यानं पाहिलीच नव्हती. रजा मंजूर व्हायची आणि रद्द व्हायची. अक्का गेली तेव्हाही वर बर्फानं रस्ता बंद होता. अग्नी दादांनी, म्हणजे अमरच्या वडिलांनी, माझ्या थोरल्या दिरांनी दिला. दहाव्याच्या सकाळी पुरुषमंडळी नदीवर गेली आणि मागोमाग अमरचा फोन आला. "काकू, दिल्लीत पोचलोय. सांजच्याला घरी येतो. आईची वही तेवडी बाजूला काडून ठेव. मला दुसरं कायबी नको." मी फडताळाकडे गेले... वही नव्हती.

नणंदबाईंनी आदल्या दिवशी घर झाडून काढलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "तिच्यावर लक्षुमीचं चित्र व्हतं की. देवाचा कागद काय केरात टाकायचा? जुन्या तसबिरींसंगं पोत्यात भरला. दादा नदीत सोडायला घिऊन गेला." अक्कानं जुन्या कॅलेंडरमधली लक्ष्मी कापून वहीच्या पुठ्ठ्यावर डकवली होती, आणि लक्ष्मी दिसली म्हणून आत उघडून बघायचं कुणाला सुचलंच नाही! "आवं वन्सं, उघडून तरी बघायचं हुतं!" मी ओरडले आणि तशीच स्कूटीवर बसले. नदीच्या वाटेवर उसाची ट्रॉली रुतून आडवी झालेली. हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखला. शेवटी स्कूटी तिथंच टाकली आणि बांधावरून पळत सुटले. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

घाटावर सगळा पुरुषांचा घोळका. दादा गुडघाभर पाण्यात, हातात पोतं. ज्या दिरांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता त्यांना मी तिथून बोंबलून सांगितलं, "दादा, पोतं सोडू नका!" सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांचीही वळली, आणि हातातलं पोतं सुटलं. भावकीतल्या दोघांनी उड्या टाकून पोतं ओढून काढलं. वही तळाशी होती. पण खळच ती, पाण्यात किती दम धरणार? केस, पाचट, पाकळ्या... सगळं वाहून गेलेलं. उरल्या नुसत्या तारखा आणि चौकोनांतले खळीचे पांढुरके डाग. दादा पायरीवर बसले. "मला वाटलं, द्येवाचं हाय," एवढंच म्हणाले. रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती, पण मी पदरानं वही टिपू लागले.

संध्याकाळी अमर आला. घडलं ते मीच सांगितलं. तो अर्धीमुर्धी वाळलेली वही मांडीवर घेऊन एकेक पान सोडवू लागला. मला वाटत होतं, आता हा बापाला काहीतरी टोचून बोलणार आणि हे घर कायमचं तुटणार. त्यानं एका चौकोनावर बोट ठेवलं. "हितं काय व्हतं?"

दादाच म्हणाले, "बोरला पानी लागलं त्या दिवशी." अमरनं खिशातलं पेन काढून ते चौकोनात लिहिलं. पुढच्या चौकोनाचं नणंदबाईंनी सांगितलं, त्यापुढचं मी, मग शेजारची कमलही येऊन बसली. "न्हाई गं, ते आदल्या दिशी," अशी वादावादी सुरू झाली आणि माझ्या जिवात जरा जीव आला. पान भरत गेलं, तेराव्यापर्यंत वही भरत गेली.

एक मंगळवार तेवढा राहिला. खळीचा डाग अख्ख्या चौकोनभर, म्हणजे काहीतरी मोठं डकवलेलं असणार. दादांनी आठवून पाहिलं. मी मोबाइलमधले फोटो उलटेपालटे केले. सण नव्हता, बाजार नव्हता, कुणी पाहुणाही आला नव्हता. "आई उगंच खळ लावायची न्हाई," अमर म्हणाला, आणि बापाकडे, आत्याकडे, माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. आम्ही तिघंही खाली बघत होतो.

अमर परत गेला त्याला आता काही आठवडे झाले. वही त्यानं नेली नाही, फडताळातच ठेवली. मी गावी गेले की तेच पान काढते. त्या मंगळवारी मीही तिच्याशी फोनवर बोलले असेन, आमचं रोजच बोलणं व्हायचं. तिनं सांगितलंही असेल... घर भरून आम्ही माणसं, आणि तो दिवस तिच्या एकटीचाच राहिला.