रास अल खोरचा आंबट चुका

जोगळेकर आणि मी भेटलो की आमच्या दोघांच्या बायका उठून स्वयंपाकघरात जातात. आता दुबईच्या रास अल खोरचे किस्से सुरू होणार आणि चहा दोनदा टाकावा लागणार, हे त्यांना पाठ झालंय! आमचं सॉस-जॅमचं युनिट जेमतेम आठ माणसांचं. पण तिथे पगार महिन्यातून एकदा व्हायचा आणि किस्सा रोज. त्यातले काही सांगतोच, नाहीतर पोटात दुखेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याचा फूड टेक्नॉलॉजिस्ट, दुबईतली पहिली नोकरी नुकतीच गेलेली. रास अल खोरच्या एका शेडमध्ये इंटरव्ह्यूला गेलो. समोर मालक, म्हणजे आमचे अरबाब सैफ. सर्टिफिकेटं त्यांनी बाजूला सारली आणि टेबलावर एक हिरवी जुडी ठेवली.

"ये क्या है?"

मी पान तोंडात टाकलं आणि ओरडलोच, "अहो, हा आपला आंबट चुका!"

मराठी त्यांना कळलं नाही, पण माझा चेहरा कळला. "हम इसको हुमैद बोलता है. सब लोग बाहर से स्ट्रॉबेरी लाता है. हमारा माँ पहाड़ से, डेझर्ट से खाना लाती थी. वो बॉटल में डालो! यल्ला, शनिवार से आओ."

कुठल्याच इंटरव्ह्यूहून परतताना मी इतका खूश नव्हतो. पण नोकरीला एक अट होती. लेबलवर त्यांच्या आईचं नाव लागणार होतं, उम्म सैफ, म्हणजे सैफची आई. तेव्हा त्या चाखून 'चांगलं' म्हणेपर्यंत एकही बाटली बाहेर जायची नाही. आणि एप्रिलमध्ये लायसन्स रिन्यू करायच्या आत त्या 'हो' म्हणाल्या नाहीत, तर "युनिट खलास!" म्हणजे आमचे व्हिसाही खलास. माझी मुलगी ऊद मेथाच्या शाळेत सातवीत होती. मला रात्री झोप लागेना.

•

जोगळेकर आमचा सेल्समन. मूळ डोंबिवलीचा, विकायला अजून काहीच नव्हतं तरी उत्साह मात्र भरपूर. दसऱ्याच्या सुमारास अरबाब आम्हाला बोरीची झाडं बघायला शहराबाहेरच्या त्यांच्या शेतावर घेऊन गेले. तिथे जोगळेकरला एक झाड दिसलं, ज्याला ते लोक ग़ाफ म्हणतात.

"अहो, ही तर शमी!" त्याने बूट काढले, डोळे मिटले आणि हात जोडले. डोळे उघडले तर झाडाच्या पलीकडे उम्म सैफ उभ्या, कोवळा पाला ओरबाडून भांड्यात टाकत होत्या! त्यांनी लेकाला काहीतरी विचारलं.

अरबाब म्हणाले, "मदर पूछती है, इसका तबियत ठीक है?"

जोगळेकरने दसरा, पांडव, शस्त्रं असं सगळं हिंदीतून समजावलं. अरबाबांनी ते अरबीत सांगितलं. म्हातारीने नीट ऐकून घेतलं आणि मूठभर पाला त्याच्या हातावर ठेवला. "पूजा खलास? अब खाओ!"

जोगळेकरने खाल्ला. गाडीत बसल्यावर मला एवढंच म्हणाला, "घरी बोलू नकोस हं."

•

याच जोगळेकरला शेतावरच्या कोठीत बोरीच्या पानांची हिरवी पावडर सापडली. त्याने ती गरम पाण्यात घालून रोज सकाळी प्यायला सुरुवात केली. आठ दिवसांनी मीटिंगमध्ये उभा राहिला. "सर, हर्बल टी! डायजेशन एकदम फर्स्ट क्लास. यही लाँच करते हैं!"

अरबाबांनी कपाळाला हात लावला. "हबीबी, ये हमारा वाइफ का बाल धोने का है."

कोणी हसायच्या आधीच जोगळेकर म्हणाला, "तरीच! आतून अगदी स्वच्छ वाटतंय!"

•

हिवाळ्यात चुका आणायला आम्ही रास अल खैमाच्या डोंगरात जायचो. एकदा तीन तास वाकून वाकून सात पोती भरली. पाठीचं काही खरं नव्हतं. पोती पिकअपमध्ये टाकली आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेलो. परत आलो तर पिकअपमध्ये अकरा बकऱ्या! पोती फाडून, देठासकट सगळं फस्त. एक तर ड्रायव्हरच्या सीटवर बसून शांतपणे रवंथ करत होती.

मी घाबरत अरबाबांना फोन केला. पलीकडून हसण्याचा गडगडाट.

"माँ से पहले किसी ने तो पास किया!"

•

अल कुसैसला आमच्या बिल्डिंगमागे, पाण्याचा पाइप गळायचा तिथे घोळीची भाजी माजायची. मी संध्याकाळी पिशवी घेऊन निघालो की मुलगी दहा पावलं मागे राहायची. "Baba, please! Those are weeds. My friends live here!"

मग एका शुक्रवारी सुपरमार्केटमध्ये तीच घोळ, रबर बँड लावून, झकास मांडलेली दिसली. मी जुडी उचलून तिच्या नाकासमोर धरली. "तीन दिरम! म्हणजे छत्तीस रुपये! बोल आता!"

तिने जुडी उलटसुलट करून पाहिली. "Okay. But theirs is washed."

•

मार्च संपत आला. बोराचा जॅम झाला, चुक्याचा सॉस झाला, खारवलेली घोळ झाली. उम्म सैफ बोट बुडवायच्या, चाटायच्या आणि बाटली हळूच दूर सारायच्या. कधी साखर जास्त, कधी "ये खाना नहीं, दवा है." जोगळेकरने डोंबिवलीला फोन करून भावाच्या दुकानात जागा आहे का, हेही विचारून ठेवलं. मी मुलीला काही सांगितलं नव्हतं, पण बायको शुभाने सामानाच्या बॅगा माळ्यावरून खाली काढल्या होत्या.

शेवटच्या टेस्टिंगच्या दिवशी माझी अवस्था बघवत नव्हती. फायनल सॉसच्या बाटल्या टेबलावर मांडायचं काम जोगळेकरकडे होतं. त्याने मांडल्याही. उम्म सैफ आल्या, बसल्या, पहिलीच बाटली उघडली. आणि मला वास आला. लसूण, गूळ आणि सणसणीत हिंग! ती सॉसची बाटली नव्हतीच. युनिटमधल्या सगळ्यांसाठी शुभाने आमच्याच रिकाम्या बाटल्यांत चुक्याची चटणी भरून दिली होती, ती या शहाण्याने टेबलावर मांडली होती!

मी पुढे झालो, पण उशीर झाला होता. त्यांनी चाखलं. पुन्हा चाखलं. उठल्या, सहाच्या सहा बाटल्या पिशवीत भरल्या आणि गाडीत बसून निघून गेल्या. अरबाबही धावत मागे गेले.

"फेकून देणार," जोगळेकर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला रागावूसुद्धा शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरबाब आले. पिशवीतून सहा बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. सगळ्या रिकाम्या, धुतलेल्या.

"मदर ने पूरे मोहल्ले में बाँट दिया," ते म्हणाले. "सबको बोली, ये उसकी अपनी दादी का पुराना रेसिपी है. लेबल छापो, यल्ला!"

जोगळेकरने मला मिठीच मारली. अरबाब दारापर्यंत गेले, थांबले आणि परत आले.

"और मदर पूछती है, इसमें वो जो स्मेल आता है, वो तुम लोग क्या डाला?"