पिटायाचा प्रसाद

मंडळी, भजनी मंडळाच्या फळ्यावर हे घाईने लिहितोय.

शेती संशोधनाच्या साहेबांनी माझ्या कुंपणावर पिटायाचा, म्हणजे ड्रॅगन फळाचा, निवडुंगासारखा वेल लावला होता. "काका, मी तपासल्याशिवाय फळ खायचं नाही," असं बजावलंही होतं. पण पहिली फळं देवाची! काल ती गणपतीपुढे ठेवली आणि तो लालभडक गर तुम्हाला प्रसाद म्हणून वाटला.

आज सकाळी मला लघवी लाल झाली. बायकोलाही.

"अहो, साऱ्या कांप दे मास्क गावाला विष चारलंत की काय?" ती रडू लागली. मी साहेबांकडे धावलो.

ते हसले. "रक्त नाही, काका, फळाचा रंग आहे. बीटासारखा उतरेल."

तरी विचारतो: कोणाला दुसरा काही त्रास झालाय का? लगेच सांगा. मला बजावलेलं होतं. तुम्ही मात्र काही न विचारता हात पुढे केलेत.