सिस्टरांची खालची ओळ

सिस्टरांबद्दल लिहायला बसलोय खरा, पण मला त्यांची माहिती ती कितीशी? हृदयाच्या दवाखान्यात पेशंटचे मेल त्या वाचायच्या, डॉक्टरांना विचारायच्या आणि उत्तर पाठवायच्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली, एवढं एकदा बोलण्याच्या ओघात कळलं. बाकी काही नाही.

बायको गेल्यावर मुलाने मला मेल करायला शिकवलं. पहिला मेल खोकल्याचा. मग त्यालाच जोडून गुडघा, झोप, पोट साफ न होणं, सगळं लिहीत गेलो. शेवटी सिस्टरांचा फोनच आला.

"काका, खोकल्याच्या मेलवर गुडघा कशाला? नवा मेल उघडा की!"

"नव्यात तुमची आधीची उत्तरं दिसत नाहीत हो."

"उत्तरं काय पुन्हा पुन्हा वाचताय? गोळ्या घ्या, गोळ्या!"

आणि खळखळून हसल्या.

मी मात्र वाचायचोच. डॉक्टरांचं उत्तर म्हणजे 'तीच गोळी चालू ठेवा.' त्याखाली सिस्टर आपल्या मनाने एक ओळ जोडायच्या. 'जिना सावकाश चढा, कोणी मागे लागलेलं नाही.' कधीकधी अख्ख्या दिवसात माझ्याशी कोणी बोललेलं तेवढंच असायचं.

पुढे माझी तब्येत सुधारली. 'आता त्रास झाला तरच लिहा,' असं उत्तर आलं. मुलगा खूश झाला. माझा चेहरा पडला. त्रास काही होईना आणि खोटं लिहायला हात धजेना.

मग रिपोर्ट आणायला गेलो, तेव्हा काउंटरवर कळलं, सिस्टर नोकरी सोडून आईला घेऊन भावाकडे चालल्यात, पार दुसऱ्या गावाला. त्यांचा घरचा मेल मागून घ्यायचा, अधूनमधून लिहू का म्हणून विचारायचं, असं घोकत मी त्यांच्या खोलीत शिरलो. चष्मा कपाळावर, डबा अर्धाच खाल्लेला, दोन बोटांनी टाइप करणं चाललेलं.

"काका? काय होतंय?"

"काही नाही. सहज."

"पाय सुजतात?"

"नाही."

"दम लागतो?"

"नाही."

"मग मजा आहे की तुमची!"

त्या पुन्हा टाइप करू लागल्या. मी टोपी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो.

"येतो मग," मी म्हटलं.

"या. दार तेवढं ओढून घ्या, एसी चालू आहे."

"हो, घेतो."