गोदीकाकांचं गुपित

गोदीकाकांना कुजबुजता येत नव्हतं. त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट कुळगावच्या आमच्या आळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायची. एका साखरपुड्यात त्यांनी मला, त्यांच्या शेजारणीला, ‘हळूच’ सांगितलं, "पोरगा बरा आहे गं, पण बाप महाचिकट दिसतो!" बाप समोरच्याच पंगतीत होता. काकूनं कपाळावर हात मारला. काका निवांत जिलेबी खात राहिले. आपला आवाज केवढा लागलाय हे त्यांना कळायचंच नाही.

याला कारण गोदी. उभी हयात त्यांनी मुंबईला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीत काढली. जहाज कोरड्या गोदीत घेऊन भोवतालचं पाणी उपसलं की त्याच्या पोटातल्या टाकीत उतरायचं आणि हातोड्यानं गंज ठोकून काढायचा. लोखंडाची बंद खोली, चहूकडून घणाघण, आणि कानात कापसाचा बोळा. चाळिशीतच कान गेले. पण त्या मुलखाबद्दल कुणी वाईट बोललेलं त्यांना खपायचं नाही. गोदीजवळच्या दारूखाना वस्तीत रस्त्यावर जहाजांचे माणसाएवढे नांगर कसे विकायला पडलेले असतात, ओहोटीला जहाज चिखलात कसं कुशीवर निजतं, रंगाचा वास जेवणाच्या डब्यात कसा शिरतो, हे सांगताना त्यांचा चेहरा माहेरचं सांगणाऱ्या बाईसारखा व्हायचा. "गोदीनं घर दिलं मला. दोन कान घेतले तर घेतले!" असं ते गरजायचे. मला भारी राग यायचा. कान काय भाड्यानं आणले होते?

प्रशांतनं, त्यांच्या मुलानं, कानाचं मशीन आणून दिलं. काकांनी ते दोन दिवस लावलं आणि कपाटात टाकलं. "डोक्यात भांडी आपटतात," म्हणाले. काकूचं काही अडत नव्हतं. तिचं बोलणं हाताचं नि डोळ्यांचं. भुवई उडवली की चहा, पदर खोचला की बाजार. ती म्हणायची, "बाय, ओरडून भांडायला नाय मिळालं, येवढंच माझं राहिलं."

मग काकूच्या पोटात कॅन्सर निघाला. प्रशांतनं ठरवलं, आईला सांगायचं नाही, अल्सर म्हणायचं. ती धीर सोडेल. मी त्याला म्हटलं, "अरे, मग बाबांनाही सांगू नकोस. त्यांना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं!" पण बापापासून कसं लपवणार? त्यानं मोबाइलवर लिहून दाखवलं. काकांनी दोनदा वाचलं आणि त्या दिवसापासून काकूसमोर तोंडच मिटून घेतलं. चुकून निसटू नये म्हणून. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ती अंगावर यायची.

एका सोमवारी मी दोघांना रिक्षानं अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं. तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. काका पुढे गेले, पिंडीशी वाकले आणि मनातल्या मनात बोलावं तसे बोलले. "महादेवा, कॅन्सर आहे रे तिला. दिवाळी बघेल न बघेल म्हणतात. माझी वर्षं तिला घाल. पण तिला कळू देऊ नको बाबा."

दगडी गाभारा नुसता घुमला. पुजाऱ्याचा हात थांबला. काकू काकांच्या मागच्याच पायरीवर बेलाचं पान घेऊन उभी होती.

तिनं पान वाहिलं, नमस्कार केला. वर येताना माझं मनगट मात्र असं धरलं की बांगडी रुतली. म्हणाली, "मना कळलं, हे त्यांना कळता कामा नये. आपल्या तोंडून गेलं म्हणून जीव देईल तो माणूस."

"अगं काकू, आणि तू? एकटीच कुढत बसणार?"

"तुझं घर हाय ना."

खरंच यायची. स्वतःच्या घरात ती कितीही मोठ्यानं रडली असती तरी काकांना ऐकू गेलं नसतं. पण ते बघतील म्हणून माझ्या ओट्याशी येऊन रडायची आणि तोंड धुऊन जायची. त्यांच्यासमोर बारवी धरणाकडच्या भाचीचं लग्न, त्यात नेसायची साडी, असल्या पुढच्या वर्षीच्या गोष्टी खुणांनी बोलायची. हात दुखतो म्हणत तिनं त्यांना भात लावायला शिकवलं. पाण्याचं माप बोटाच्या पेरावर दाखवलं, आणि भात करपला की पोट धरून हसायची. पोट कशासाठी धरलंय ते मला ठाऊक होतं.

दिवाळीच्या आधीच ती गेली.

दहाव्याला घाटावरून परत आल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं. देवळातली गोष्ट एव्हाना आळीत सगळ्यांना ठाऊक झाली होती. नव्हती ती फक्त त्यांना. रडून डोळे सुजले होते, तरी चेहऱ्यावर काहीतरी जिंकून आल्यासारखं होतं. अंगणभर माणसं बसलेली, आणि काका मला हळूच सांगत होते, "जन्मात एवढं एक गुपित पोटात ठेवलं बघ मी. शेवटपर्यंत कळू दिलं नाही तिला. सुखात गेली ना गं?"

प्रशांत तोंडावर टॉवेल दाबून आत गेला. मी काकांसमोर बसले आणि त्यांना ओठ दिसावेत असं एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "नाही कळलं, काका. तिला काहीच कळलं नाही."