जाऊचं लुगडं सिनेमात

सिनेमावाले सातपाटीत उतरले तेव्हा माझ्या मोठ्या दिरांची बोट उलटून दोन पावसाळे होऊन गेले होते. बाकीचे खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. दीर आले नाहीत, त्यांचं प्रेतही सापडलं नाही. म्हणून माझ्या जाऊने हातातल्या बांगड्या तशाच ठेवल्या. सासूबाई म्हणायच्या, आता दिवस करून टाकू, त्याला तरी सुटू दे. जाऊ ऐकून घ्यायची आणि बोंबील वाळत घालायला निघून जायची.

त्या सिनेमात चार घरांच्या गोष्टी एकमेकींत गुंतवलेल्या होत्या. एक नर्स, एक रिटायर मास्तर, बोईसरच्या कारखान्यातला एक कामगार, आणि समुद्रात नवरा गमावलेली एक कोळीण. किनाऱ्यावरच्या गर्दीसाठी त्यांना आमच्या बायका हव्या होत्या. त्यातच कुण्या मेल्याने दिग्दर्शकाच्या कानात सांगितलं, की हिचाही नवरा असाच गेलाय. झालं! दगडावर बांगड्या फोडतानाचे हात नटीचे नकोत, हिचेच दाखवू, म्हणाला. फक्त हात.

"माजा मानूस यायचा हाय अजून," जाऊ त्याला म्हणाली. "तुज्या बायकोच्या घे फोडून."

तो पार ओशाळला. बरं झालं, मला तर त्याला चांगलं सुनवायचं होतं. शेवटी हात नटीचेच घेतले. लुगडं मात्र जाऊचं मागितलं आणि तिने ते दिलं. का दिलं, मला आजही कळलेलं नाही.

सिनेमा बोईसरला लागला तेव्हा तीच म्हणाली, चल, बघून येऊ.

पडद्यावर आपलं लुगडं दिसताच तिने माझं मनगट घट्ट धरलं. शेवटाला चारही गोष्टी आमच्या किनाऱ्यावर येऊन मिळाल्या. लाटेबरोबर प्रेत वाळूवर आलं. नर्सने नाडी बघितली, मास्तरांनी आपली शाल अंगावर घातली, कामगाराने खांदा दिला. नटीने हंबरडा फोडला आणि दगडावर हात आपटले. सगळं थेटर मुसमुसत होतं. मीही रडले, खोटं कशाला सांगू? जाऊ तेवढी कोरड्या डोळ्यांनी बघत होती.

दिवे लागले. माणसं बाहेर पडली तरी ती बसूनच. मी म्हटलं, चल गं, रिक्षा मिळायची नाही.

"नशिबाची हाय ती," जाऊ म्हणाली. "तिला दिसला तरी."