आगाऊ प्रश्नांची मावशी

बेबीनंदा बारावी सायन्सला एकाहत्तर टक्के घेऊन पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. रुखवतात शेवया, पापड आणि करंज्यांच्या मधोमध तिनं आपलं भौतिकशास्त्राचं पुस्तक ठेवून दिलं. नवरदेवासाठी काही भेट असेल म्हणून पाहुण्यांनी ते उघडलं आणि विंचू दिसल्यासारखं घाईनं मिटलं. नवरदेव धम्मपाल खरात एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्यानं मात्र पंपाचं चित्र असलेलं पान काढून विचारलं, "हे समजतं का तुला?" ती म्हणाली, "समजतं." "मंग बरं हाय," तो म्हणाला, आणि संसार सुरू झाला.

सासर अंतरवाली सराटीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या गावात. बीएस्सी करायचं राहूनच गेलं. सहा वर्षांनी अंबडच्या एका शाळेत तिला प्रयोगशाळा परिचराची नोकरी लागली. काचेच्या नळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, चुंबक हरवले की पोरांचे खिसे तपासायचे. एकोणीस वर्षं तिनं हेच केलं, आणि एकोणीस वर्षं मागच्या खोलीतून तेच तास ऐकले. कोणते सर कोणत्या उदाहरणात दशांश चिन्ह विसरणार हे तिला आधीच ठाऊक असे. पोरं तिला मावशी म्हणत. सर लोकही मावशीच म्हणत.

विज्ञानाचे अंगद सर माणूस चांगला, पण अभ्यासक्रमाच्या मागं असे धावायचे की जणू शेवटची गाडी सुटून चालली आहे. मधे कुणी काही विचारलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आगाऊ प्रश्न विचारू नको." एकदा उष्णतेचा धडा चालू असताना नववीतली आकांक्षा उभी राहिली.

"सर, आमची विहीर चहानं भरली तर चहा किती दिवस गरम राहील?"

वर्ग खदखदून हसला. सरांनी तिला तासभर बाकावर उभं केलं.

मागच्या खोलीत बेबीनंदाच्या हातातली नळी तशीच राहिली. प्रश्न तिच्या डोक्यात शिरला तो निघेना. घरी जाऊन तिनं पाणी उकळलं. एक कप भरला, एक तांब्या भरला, एक बादली भरली, आणि शाळेचा जुना थर्मामीटर घेऊन तिघांच्या मधे पाट टाकून बसली. कप वीस-पंचवीस मिनिटांत कोमट झाला. तांब्यानं तास-सव्वा तास काढला. बादली संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत टिकली. धम्मपाल ड्युटीवरून आला तेव्हा बायको बादलीत नळी बुडवून वहीत आकडे लिहीत होती.

"कुनाला ताप आलाय?"

"बादलीला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं आकांक्षाला फुलस्केपचा कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: 'तुझी विहीर वीस फूट रुंद आणि चाळीस फूट भरलेली धरली, तर साडेतीन लाख लिटर चहा बसतो. बशीतला चहा लवकर निवतो कारण तो पसरलेला असतो, उष्णता वरून उडून जाते. विहिरीत चहा भरपूर आणि तोंड त्या मानानं लहान. शिवाय बाजूची माती उष्णता सहज नेत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीही तोंड भाजेल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिता येईल, कोमट व्हायला आठवडा तरी जाईल. पण पिण्याजोगा झाला की दूध नासायला लागेल, तेव्हा जल्दी करावी. साखर दोन ट्रक. जिल्ह्यातल्या प्रत्येकाला दीड-दीड कप येईल. कपबशा कोण धुणार ते आधी ठरवा, मी धुणार नाही.'

कागद शाळाभर फिरला. आठवडाभरात बेबीनंदाच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग पडला. तिनं बीकर आलेलं रिकामं खोकं घेतलं, वर चीर पाडली आणि स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आगाऊ प्रश्न'.

अंगद सरांना ते झोंबलं. "मावशी, हे मला टोमणा मारायला लिहिलंय का?"

"न्हाई वो सर. आगाऊ प्रश्न तुमच्या तासाला येऊ नयेत म्हणून येगळे गोळा करून राह्यले."

सर खोक्याकडं एकदा बघून तासाला निघून गेले.

दर शुक्रवारी प्रयोगशाळेच्या दारावर एक उत्तर चिकटायला लागलं. म्हैस उचलायला किती कावळे लागतील? पाच क्विंटलची म्हैस आणि एका कावळ्याला शंभर ग्रॅम धरलं तर पाच हजार, 'पण कावळ्यांचं एकमत व्हायला पाहिजे, ते आजवर झालेलं नाही.' आगारात धम्मपालला ड्रायव्हर-कंडक्टर चिठ्ठ्या देऊ लागले. बसमधे तिच्या शेजारची जागा धरायला बाया भांडू लागल्या.

घरात सासूबाई, गिरिजाबाई, हे सगळं नाकं मुरडत बघत होत्या. "शानी मानसं कामाचं इचारतेत. हे रिकामे धंदे," असं त्या तीन वेळा तरी बोलल्या असतील. एका दुपारी बेबीनंदा दाळ निवडत असताना त्या शेजारी येऊन टेकल्या. दोन-चार खडे त्यांनीही वेचले. मग पदराशी खेळत म्हणाल्या,

"बेबे, मानूस जातो, पर त्यानं सोडलेला श्वास कुठं जातो?"

त्यांचे मालक अप्पाराव जाऊन नऊ वर्षं झाली होती.

बेबीनंदानं सूप खाली ठेवलं. "कुठं जात न्हाई, आत्याबाई. वाऱ्यात मिसळतो. दोन-चार वर्षांत साऱ्या पृथ्वीवर सारखा पसरतो."

"मंग संपलं म्हना."

"संपत न्हाई. एका श्वासात हवेचे इतके बारीक कण असतेत की एकावर बावीस शून्यं. आन पृथ्वीवरची समदी हवा मोजली तर तिच्यात श्वासबी बराबर तितकेच, एकावर बावीस शून्यं. म्हंजे मामंजींच्या एका श्वासातला एखादा कण तुमच्या दर श्वासात येतोच. आन त्यांनी जन्मभरात श्वास घेतले पन्नास कोटी."

गिरिजाबाईंनी हिशोब जुळवायला वेळ घेतला. "मंग आत्ता म्या घेतला, ह्याच्यात…"

"पन्नास कोटी कण. त्यांच्या छातीत जाऊन आलेले."

म्हातारीचे डोळे भरून आले. तेवढ्यात गिरिजाबाई नाक ओढून म्हणाल्या, "पन्नास कोटी! आन जितेपनी दिवसातून पन्नास शब्द बोलत नव्हतं बाबा माझ्याशी!"

दोघी हसून हसून लोळल्या. मग म्हातारीला शंका आली. "त्यांच्या बिडीचा धूरबी येतो का गं ह्याच्यात?"

"धूर पावसानं धुऊन जातो."

"मंग बिलकुल हरकत न्हाई," म्हणत त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पुढं कितीतरी दिवस त्या सकाळी अंगणात बसून असा श्वास घेताना दिसत, आणि कुणी पाहिलं की खोकल्याचं सोंग करत.

रिकामे धंदे हा शब्द त्या दिवसापासून घरातून गेला.

खरी गंमत झाली ती पप्पूमुळं. पप्पू गावातला होतकरू पुढारी. वय तिशीच्या आत, फ्लेक्सवर फोटो पंचवीस-तीस वेळा. त्याच्या मोबाईलवर एक मेसेज आला: सगळ्यांनी एकाच क्षणी उडी मारली तर जमिनीला हादरा बसतो, खालचे झरे मोकळे होतात आणि बोअरला पाणी येतं. पप्पूनं लगेच फ्लेक्स लावला: 'भव्य सामूहिक उडी. रविवार, सकाळी नऊ.' शास्त्रीय आधार पाहिजे म्हणून तो बेबीनंदाकडं आला.

"जयभीम वैनी. जमीन हालंल ना?"

"पप्पूभाऊ, आपल्या जिल्ह्यात वीस लाख मानूस. समद्यांनी संगं एक फूट उडी मारली तर पृथ्वी सरकंल ती अणूच्या गाभ्यातल्या एका कणापेक्षाबी शेकडो पट कमी. आन जोर काढला तर ऐंशी-ब्याऐंशी युनिट लाईट. पाच हॉर्सपॉवरची मोटर एक दिवसबी पुरती चालायची न्हाई."

"आन आपल्या गावाची?"

"तीनशे मानसं आली धरा. तुमचा मोबाईल एकदा पुरता चार्ज व्हायचा न्हाई."

पप्पूचं तोंड उतरलं. पण फ्लेक्स लागला होता, भोंगा ठरला होता. "शास्त्र शास्त्राच्या जागी, वैनी. करून तर बघू."

"बघूच की," बेबीनंदा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून धम्मपालनं मनात म्हटलं, आता पप्पूचं काही खरं नाही.

रविवारी सकाळी तिनं ग्रामपंचायतीच्या खोलीत, खिडकीतून ऊन पडतं तिथं जमिनीवर पाण्यानं भरलेली परात ठेवली. पाण्यावरून उलटलेल्या उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडला. जमीन जराशी थरथरली तरी पाणी हलणार, आणि भिंतीवरचा कवडसा त्याच्या कितीतरी पट नाचणार. दारं लावली, पंखा बंद केला. साक्षीला सरपंच द्वारकाबाईंना बोलावलं होतं, पण त्या म्हणाल्या, "माझं मिरच्या कांडायचं चाललंय." मग ग्रामसेवकाला बसवलं.

मैदान तिथून दोनशे पावलांवर. पप्पू भोंग्यावर ओरडला, "एक, दोन, तीन!" कुणी तीनवर उडालं, कुणी तीन ऐकून उडालं, कुणी शेजारचा उडालेला पाहून उडालं. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसं गाव फुटलं. धूळ उडाली, दोघांच्या चपला तुटल्या.

कवडसा जागचा हलला नाही.

"पुन्हा!" पप्पू ओरडला. गाव पुन्हा उडालं, आणि या वेळी कवडसा भिंतीवर असा थरारला की ग्रामसेवक खुर्चीवरून उठून दारात धावला. "हाललं! हाललं!" मैदानात गुलाल निघाला. पप्पूला खांद्यावर घेतलं.

बेबीनंदा तोंडाला पदर लावून कवडशाकडं बघत होती. उडी होऊन दोन मिनिटं झाली होती, लोक नाचण्यात दंग होते, आणि कवडसा अजून थरथरतच होता. धप्प, थर्र. धप्प, थर्र. ती उठली आणि मागच्या भिंतीपलीकडं गेली. तिथं आपल्या ओसरीत सरपंच द्वारकाबाई मिरच्यांचा पहिला घाणा चाळून दुसरा उखळात कांडत होत्या.

"बाई, जरा थांबा बरं."

द्वारकाबाई थांबल्या. पप्पूला खांद्यावरून उतरवून आत आणलं आणि त्याच्यासमोर तिसरी उडी झाली. कवडसा गप्प. मग बेबीनंदानं खिडकीतून हाक दिली, "आता हाना बाई!" मुसळ पडलं, कवडसा नाचला.

"तीनशे मानसं दोनशे पावलांवर आन एक मुसळ धा पावलांवर," बेबीनंदा म्हणाली. "लांबचा हादरा मातीत जिरतो, जवळचा लागतो. आन बाईचं मुसळ एका जागी पडतं, तुमचं गाव धा जागी."

द्वारकाबाई खिडकीतून डोकावल्या. "काय रे पप्पू, माझ्या मिरच्यांनी बोअरला पानी येतंय का?"

गाव इतकं हसलं की ग्रामसेवकाला ठसका लागला. पप्पू तीन दिवस बाहेर दिसला नाही. चौथ्या दिवशी नवा फ्लेक्स लागला: 'एका मुसळात गाव हलवणाऱ्या सरपंच द्वारकाबाई आणि शास्त्रज्ञ बेबीनंदाताई यांचे हार्दिक अभिनंदन.' दोघींचे फोटो पासपोर्ट एवढे, पप्पूचा पुरुषभर. बेबीनंदाला त्याचं कौतुकच वाटलं. पडला तरी उभं राहता येतं त्याला.

फ्लेक्सचा फोटो शाळेपर्यंत गेला. मुख्याध्यापक रामप्रसाद सरांनी तिला बोलावलं. परिचरानं गावात असले प्रयोग करायचे का, असं ते विचारणार म्हणून ती तयारीनंच गेली. पण सर म्हणाले, "शुक्रवारचा शेवटचा तास रिकामा असतो. पोरं गोंधळ घालतात. तुम्ही घ्या."

"सर, मी परिचर हाये."

"म्हणून तर कागदावर कुठं लिहीत नाही. नुसतं घ्या."

पहिल्या शुक्रवारी ती फळ्यापुढं उभी राहिली. एकोणीस वर्षं फळ्याच्या मागच्या खोलीत काढलेली बाई, पुढं उभं राहून वर्ग केवढा मोठा दिसतो ते आज बघत होती. तिनं खोक्यात हात घातला आणि चिठ्ठी उघडली. अक्षर मुद्दाम डाव्या हातानं काढलेलं, पण 'घ' ला दिलेली गाठ ती विसरलेल्या दशांश चिन्हांइतकीच ओळखत होती. प्रश्न होता: 'माणसाच्या घोरण्यावर दिवा पेटेल का?'

तिनं मान वर केली. अंगद सर वर्गाच्या दारात, सहज उभं राहिल्यासारखे, उभे होते. रिकाम्या तासाला शिक्षकांच्या खोलीत कोण घोरतं हे शाळेतल्या कबुतरांनाही माहीत होतं.

"मोठ्यानं घोरणारा घ्या," बेबीनंदा म्हणाली आणि खडू उचलला. "त्याच्या आवाजाचा जोर एका वॅटच्या दहा हजाराव्या भागाएवढा. नऊ वॅटचा दिवा पेटवायला असे नव्वद हजार लागतील. म्हणजे अख्खं अंबड झोपवलं तरी दिवा अर्धाच पेटेल."

"आणि सगळे त्या घोरणाऱ्याइतके जोरात घोरले पाहिजेत," आकांक्षा म्हणाली.

"ते अवघड हाय," बेबीनंदा गंभीरपणे म्हणाली. "तसा मानूस शाळेत एकच हाय."

वर्ग दाराकडं बघायला लागला. अंगद सर लाल झाले, मग त्यांना हसू आवरेना. हसतच ते आत आले, मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मावशी, तो दहा हजारावा भाग कसा काढला, ते पुन्हा एकदा सांगा."