सोळा बटणांचं मशीन

वरवे बुद्रुकच्या कबड्डी मंडळाची दोन माणसं भोरला आमच्या घरी आली, तेव्हा माझी मुलगी जाऊन पाच महिने झाले होते. वेल्ह्याकडच्या एका शाळेत ती व्यायाम शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या कबड्डी सामन्यांत पंच म्हणून उभी राहायची. साधा ताप म्हणून आला आणि नवव्या दिवशी ती गेली. यापुढचं मला लिहिता येत नाही, म्हणून सामन्यांचंच लिहितो.

मंडळाला मुलींच्या सामन्यांसाठी तिच्या आठवणीचा चषक हवा होता. घरात तिचे स्वतःचेच अकरा-बारा चषक कपाटावर आहेत. तिची आई ते रोज पुसते. आणखी एक चषक कुणाच्या तरी कपाटावर जाऊन बसणार, या विचारानंच मला थकल्यासारखं झालं. मी म्हणालो, "चषक नको. तुमच्या स्पीकरचं काहीतरी करू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, दुःखानं माणूस भरकटलाय.

पण हे तिचंच गाऱ्हाणं होतं. आमच्याकडच्या सामन्यांत मैदानाशेजारी स्पीकरवाला बसलेला असतो. पकड झाली की तुतारी, गुण मिळाला की टाळ्या, मधल्या वेळात हलगी. चढाई करणाऱ्या खेळाडूनं एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं असतं. त्याला दम म्हणतात. तो दम तुटला की खेळाडू बाद, आणि तुटला की नाही हे पंचानं कानानं ठरवायचं असतं. ती घरी येऊन चिडून सांगायची, "बाबा, यांची तुतारी संपतच नाही. पुढची चढाई सुरू झाली तरी वाजत असते. मला दमच ऐकू येत नाही. मी काय अंदाजानं निकाल द्यायचे?" मी हूं म्हणायचो. तीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस मी, मैदानाशी माझा संबंध नव्हता. तिचे सामने मी तीन-चारदा पाहिले असतील, तेही मांडीवर पुस्तक ठेवून.

मंडळानं माझी गाठ त्यांच्या स्पीकरवाल्याशी घालून दिली. कापूरहोळच्या चौकाजवळ त्यांचं मांडव आणि स्पीकरचं गोडाऊन आहे. पन्नाशीचे गृहस्थ. आवाज इतका बसलेला की ते स्वतः माईकवर कधी बोलत नाहीत. मी कशासाठी आलोय ते ऐकून त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, "मॅडमनी दोनदा माझ्या मशीनचा कान पिळलाय, सर. सरळ टेबलापाशी येऊन आवाजाचं बटण शून्यावर. लई राग आलता मला."

"मग?"

"मंग काय? पंचाच्या फुडं बोलतंय कोण!"

ते तेव्हा मोबाईलवरून आवाज लावायचे. मी ते एकदा बघायचं ठरवलं आणि शिवऱ्याच्या सामन्याला त्यांच्याशेजारी बसलो. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक आवाज. दिसायला सोपं. पण घामेजल्या बोटानं चौकोन लागायचा नाही, उन्हात पडदा दिसायचा नाही, आणि निर्णायक चढाईच्या वेळी त्यांच्या बायकोचा फोन आला. रिंग स्पीकरच्या चारही बॉक्समधून घुमली. त्यांनी कापला, पुन्हा आला. पब्लिकमधून कुणी ओरडलं, "उचला की, दूध संपलं आसंल घरातलं!" मैदानभर हशा. मी हसलो नाही. मुख्य पंचाच्या तोंडाकडे बघत होतो. तो मान वाकडी करून दम ऐकायचा प्रयत्न करत होता.

त्यानंतर दोन महिने मी मशीन शोधत होतो. आता वाटतं, लवकर सापडू नये अशीच माझी इच्छा असावी. भोरहून एसटीनं पुण्याला जायचं, इलेक्ट्रॉनिक मालाच्या गल्लीत दुकानं पालथी घालायची, संध्याकाळी परत. बरोबर जुनी वही असे. पूर्वी पुस्तकांच्या मागण्या लिहायचो तशा तीत मी मशीनच्या अटी लिहिल्या होत्या. दाबल्याबरोबर वाजलं पाहिजे. सोडल्याबरोबर थांबलं पाहिजे. दुसरी अट वाचून दुकानदार बुचकळ्यात पडत. सगळ्यांना लवकर वाजणारं मशीन विकायची सवय. लवकर थांबणारं कुणी मागत नसे.

दोन-तीनदा स्पीकरवाले बरोबर आले. परीक्षा घ्यायची त्यांची पद्धत साधी होती. एका हातानं बटण दाबायचं आणि त्याच क्षणी दुसरा हात मांडीवर मारायचा. दोन आवाज एकात एक मिसळले तर मशीन चांगलं. बिनवायरच्या स्पीकरवर त्यांनी हे केलं तेव्हा मांडीचा आवाज येऊन गेला आणि मग, सावकाश, टाळ्या आल्या. "ह्ये नगं, सर. हितं दाबलं की तिकडं उद्या वाजतंय." लॅपटॉपही पाहिला. पाच मिनिटं हात लावला नाही तर तो झोपी जायचा, आणि जागा होईपर्यंत पुढची चढाई झालेली असायची. शिवाय मातीचं मैदान. "एका हंगामात कीबोर्डात हरभरा पेराल," दुकानदारच म्हणाला.

शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात ते सोळा बटणांचं मशीन सापडलं. मोठ्या पाटीएवढं, जाड रबराची चौकोनी बटणं, चार आडव्या ओळी, चार उभ्या. कार्डात आवाज भरायचे आणि बटणांना नेमून द्यायचे. ना फोन, ना पडदा. दुकानदारानं सांगितलं की प्रत्येक बटणाला दोन रीती लावता येतात. एका रीतीत बोट आहे तोवरच आवाज, बोट उचललं की बंद. दुसऱ्या रीतीत एकदा टेकलं की आवाज शेवटपर्यंत वाजणार. स्पीकरवाल्यांनी तुतारी लावली, दाबली, सोडली. तुतारी मधोमध तुटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडमना आवडलं आसतं," ते म्हणाले, आणि मग उगीचच वायर गुंडाळू लागले.

सगळी बटणं पहिल्या रीतीनं लावायची असं ठरलं. एक सोडून.

तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं मला एक व्हिडिओ पाठवला होता. कुठल्याशा सामन्यातला, अकरा सेकंदांचा. ती पाठमोरी आहे. दोन आखूड आणि एक लांब अशी शिट्टी देते. ही तिची ठरलेली पद्धत होती. मग बाजूला वळून कुणाला तरी म्हणते, "काका, रेषेच्या मागे घ्या ना जरा." एवढंच. ते अकरा सेकंद मी किती वेळा ऐकले हे सांगण्यात अर्थ नाही. खरं म्हणजे पुण्यातल्या प्रत्येक दुकानात परीक्षेसाठी मी तोच आवाज देत होतो. मोठ्या बॉक्समधून, छोट्या बॉक्समधून, कानात घालायच्या यंत्रातून. दर वेळी ती थोडी वेगळी वाटायची.

सामने सुरू होताना तो आवाज एकदा वाजवावा, अशी माझी विनंती होती. मंडळानं लगेच होकार दिला. कापूरहोळच्या गोडाऊनमध्ये बसून आम्ही तो कापला. स्पीकरवाले म्हणाले, "बोलणं नगा ठेवू, सर. लोकं खरंच मागं सरतील." मी बोलणं काढू दिलं. मग ते जरा घुटमळले.

"आन शिट्टी बी एकदा वाजवून काढूनच टाकू. मैदानात शिट्टी पंचाच्याच तोंडात बरी."

"राहू द्या की. एका कोपऱ्यात असू दे."

"सर, खेळाडू शिट्टीवर थांबत्यात."

"आपण चालू सामन्यात कशाला वाजवू?"

शोकातल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही. मी त्याचा फायदा घेतला, हे मला तेव्हाही कळत होतं. खालच्या ओळीतलं उजवीकडचं शेवटचं बटण शिट्टीला दिलं, आणि त्याला दुसरी रीत लावायला सांगितली. शेवटपर्यंत वाजणारी. कुणाचं तरी बोट लवकर उठलं म्हणून ती शिट्टी मधेच तुटावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

सामन्यांच्या दिवशी सकाळी मैदानावर पाणी मारून चुन्याच्या रेषा आखल्या होत्या. सुरुवातीला शिट्टी वाजली. लोक उभे राहिले. मी टेबलामागे उभा होतो आणि मला काही विशेष वाटलं नाही. घरी मोबाईलवर जे व्हायचं ते इथं झालं नाही. चार बॉक्समधून आलेली ती शिट्टी कुणाचीही असू शकली असती. मग खेळ सुरू झाला आणि सगळ्यांना मशीनचं कौतुक वाटलं. पकड झाली की तत्क्षणी तुतारी, चढाई सुरू होताच सन्नाटा. मुख्य पंचानं लांबून स्पीकरवाल्यांना अंगठा दाखवला.

दुपारी तिच्या शाळेचा सामना होता. दोन गुणांनी मागे असलेल्या तिच्या मुली, शेवटची काही मिनिटं. एक बारीकशी, वेणी कमरेला खोचलेली मुलगी चढाईला गेली. मी स्पीकरवाल्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो. सकाळपासून अधूनमधून माझं बोट त्या कोपऱ्यातल्या बटणावर जात होतं. दाबायचं नव्हतं. रबर ऊन झालं होतं आणि बोट तिथं ठेवायला बरं वाटत होतं, एवढंच. मुलीनं एका गड्याला हात लावला आणि ती मध्यरेषेकडे वळली. मागून कुणीतरी जल्लोषात टेबलावर थाप मारली. मी दचकलो.

दोन आखूड, एक लांब.

ती मुलगी थांबली. मध्यरेषा तिच्यापासून दोन पावलांवर होती. थांबली, हात खाली सोडले आणि मान वळवून पंचांकडे बघितलं, शाळेत ही शिट्टी ऐकून रोज बघत असायची तशी. तेवढ्यात चौघींनी तिला खाली घेतलं.

स्पीकरवाले बटण दाबून शिट्टी बंद करू बघत होते. ती बंद होणार नव्हती. मीच ती तशी लावून घेतली होती.

गोंधळ उठला. "शिट्टी कुणी मारली?" "पब्लिकमधनं मारली!" "मुद्दाम मारली, ह्यांचीच माणसं हायेत!" दोन्ही पंच एकमेकांना विचारत होते. स्पीकरवाले माझ्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाले, "बसून ऱ्हावा, सर. मी सांगतो माझं बोट लागलं. मला शिव्या खायची सवय हाय."

क्षणभर मी बसून राहिलो, तेही लिहायला हवं. मग उठलो आणि मैदानात गेलो. चप्पल काढायची असते हे मध्यावर पोहोचल्यावर लक्षात आलं. मुख्य पंचाला सांगितलं, "शिट्टी मशीनमधली होती. माझ्या हातून वाजली. मुलगी त्या शिट्टीला ओळखते, म्हणून थांबली. तिची चूक नाही."

पंच तरुण होता. माझ्या मुलीबरोबर त्यानं कितीतरी सामने केले होते. मला समजून घेणारं काहीतरी तो बोलेल अशी भीती वाटली. तो म्हणाला, "चढाई पुन्हा होईल. आणि ते बटण आत्ता काढा. तोवर सामना बंद."

मी परत आलो. स्पीकरवाल्यांनी मशीन माझ्याकडे सरकवलं. सगळं मैदान आमच्या टेबलाकडे बघत होतं. त्यांनी विचारलं, "पुसू?"

"पुसा."

ते दोन बटणं धरून बसले, दिवा लुकलुकला आणि विझला. "झालं. पर रिकामं ठेवलं तर कधी चुकून दाबलं जाईल आन काहीच वाजायचं न्हाई. लोकं म्हणतील मशीन बिघाडलं. काय घालू तिथं?"

अकरा सेकंदांपलीकडे माझ्याकडे तिचा दुसरा आवाजच नव्हता.

"टाळ्या घाला," मी म्हणालो.

"टाळ्या वरच्या ओळीत हायेत की."

"असू देत. बोट उचललं की थांबतील अशाच लावा."

चढाई पुन्हा झाली. या खेपेला ती मुलगी कुठंही थांबली नाही, आणि मध्यरेषेच्या अलीकडे रीतसर पकडली गेली. सामना तिची शाळा हरली. समोरच्या संघासाठी टाळ्या द्यायच्या होत्या. स्पीकरवाल्यांनी वरच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला आणि मला खूण केली. मी कोपऱ्यातलं बटण दाबलं. हरलेल्या मुली उठून अंगावरची माती झटकेपर्यंत धरून ठेवलं, मग बोट उचललं.